कमी संरोधाचे ध्वनिक्षेपक आणि विवर्धकाची जुळणी

ज्या ध्वनिक्षेपकाचा विद्युत संरोध श्राव्य वारंवारतांच्या काही भागात ४ ओहमच्या खाली, क्वचित १ ओहमपर्यंत उतरतो, त्याला कमी संरोधाचा ध्वनिक्षेपक म्हणतात. व्यवहारात ध्वनिक्षेपकाला स्पीकर, विवर्धकाला अँप्लिफायर आणि संरोधाला इंपीडन्स किंवा नुसते ‘ओहम’ म्हटले जाते. अशा ध्वनिक्षेपकाला पुरेसा दाब देणे विवर्धकाला जड जात नाही. जड जाते ते त्या दाबाबरोबर ओढला जाणारा प्रवाह पुरवणे आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकणे. म्हणून विवर्धकावर ‘१०० वॅट’ असे छापलेले असले, तरी तेवढ्यावरून तो असा भार पेलेल की नाही हे ठरत नाही. जुळणी चुकल्यास आवाज विकृत होतो, संरक्षक मंडल वारंवार पुरवठा तोडते आणि संरक्षण अपुरे असेल तर निर्गम ट्रान्झिस्टर जळतात. ट्रान्झिस्टर जळून आरपार वाहू लागला, की पुरवठ्याचा एकदिश दाब थेट वूफरवर येतो आणि त्याची कॉइलही जाते.

नामनिर्देशित संरोध

ध्वनिक्षेपकाच्या पाठीमागे छापलेला ‘८ ओहम’ किंवा ‘४ ओहम’ हा आकडा स्थिर राशी नसून एक सोयीचे नाव आहे. प्रत्यक्ष संरोध वारंवारतेनुसार सतत बदलतो. वूफरच्या अनुस्पंदनापाशी तो २० ते ३० ओहम किंवा त्याहूनही वर चढतो, त्यानंतर कॉइलच्या रोधाजवळ उतरतो, आणि पुढे कॉइलच्या स्वप्रवर्तनामुळे पुन्हा चढू लागतो. पेटीत दोन-तीन एकके आणि त्यांना वारंवारता वाटून देणारे क्रॉसओव्हर मंडल असेल तर या आलेखाला आणखी चढउतार येतात. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०२६८-५ या मानकानुसार किमान संरोध नामनिर्देशित मूल्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ‘८ ओहम’ म्हणवणाऱ्या पेटीचा संरोध ६.४ ओहमच्या खाली आणि ‘४ ओहम’ म्हणवणाऱ्या पेटीचा ३.२ ओहमच्या खाली उतरता कामा नये. हा नियम सर्रास मोडला जातो. ३ ओहमपर्यंत उतरणाऱ्या पेट्या ‘६ ओहम’ किंवा ‘८ ओहम’ म्हणून विकल्या जातात.

मल्टिमीटरने मोजल्यावर फक्त कॉइलचा एकदिश रोध मिळतो. ८ ओहमच्या एककाला तो साधारणतः साडेपाच ते सात ओहम आणि ४ ओहमच्या एककाला तीन ते साडेतीन ओहम भरतो. एकेरी एककासाठी हा अंदाज उपयोगी आहे. क्रॉसओव्हर असलेल्या पेटीत मात्र मध्य आणि उच्च वारंवारतांना संरोध किती उतरतो हे त्यावरून मुळीच कळत नाही, कारण ट्वीटरच्या वाटेवर धारित्र असते आणि एकदिश प्रवाह त्यातून जातच नाही.

‘जुळणी’ या शब्दाचा अर्थ

भाराचा रोध उगमाच्या अंतर्गत रोधाइतका असताना भाराला कमाल शक्ती मिळते, असा एक प्रमेय पाठ्यपुस्तकात असतो. त्यावरून ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला ‘४ ओहमचा’ विवर्धक हवा, असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. प्रमेयात भार बदलता असतो आणि उगमाचा अंतर्गत रोध दिलेला असतो. शिवाय त्या स्थितीत अर्धी शक्ती उगमातच उष्णता होऊन जाते. ट्रान्झिस्टर विवर्धकाचा स्वतःचा निर्गम संरोध मुद्दामच फार कमी, ०.१ ओहमच्या खाली ठेवलेला असतो. तो जवळजवळ आदर्श दाब-उगमासारखा वागतो: भार कोणताही असो, दाब तोच राहतो आणि प्रवाह भारानुसार वाहतो. विवर्धकावरील ‘४ ते १६ ओहम’ या शब्दांचा अर्थ ‘माझा संरोध इतका आहे’ असा नसून ‘एवढ्या भारापर्यंत मी टिकेन’ असा घ्यायचा असतो. मराठीत ‘जुळणी’ हाच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जात असल्याने घोळ वाढतो.

प्रवाहाचा हिशेब

८ ओहममध्ये १०० वॅट देण्यासाठी सुमारे २८.३ व्होल्ट दाब आणि ३.५ अँपिअर प्रवाह लागतो. दाब तोच ठेवून भार ४ ओहम केला तर प्रवाह ७ अँपिअर आणि शक्ती २०० वॅट होते. २ ओहमला १४ अँपिअर आणि ४०० वॅट. १ ओहमला २८ अँपिअर आणि ८०० वॅट. ही मूल्ये परिणामी आहेत. शिखर प्रवाह त्यांच्या १.४ पट असतो. भार निम्मा होताच शक्ती दुप्पट करणारा विवर्धक बांधायचा तर रोहित्र, एकदिशकारक, धारित्रे, निर्गम ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक हे सारेच त्या प्रमाणात मोठे करावे लागते. साध्या घरगुती विवर्धकात ते परवडत नाही. त्यामुळे ८ ओहमला १०० वॅट देणारे यंत्र ४ ओहमला अनेकदा १३०-१४० वॅटवरच थांबते, आणि २ ओहमचा आकडा माहितीपत्रकात छापलेलाच नसतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे ही पुरवठा किती भक्कम आहे हे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण आहे.

संवेदनशीलतेचा आकडाही याच संदर्भात वाचावा लागतो. तो बहुधा २.८३ व्होल्ट दाबावर, १ मीटर अंतरावर दिलेला असतो. हा दाब ८ ओहममध्ये १ वॅट देतो, पण ४ ओहममध्ये २ वॅट आणि २ ओहममध्ये ४ वॅट. त्यामुळे ९० डेसिबलचा ४ ओहमी ध्वनिक्षेपक एका वॅटला प्रत्यक्षात ८७ डेसिबलच देतो.

मग कमी संरोध ठेवतातच कशाला? मोटारीतील ध्वनियंत्रणेत याचे उत्तर सरळ आहे. तिथे पुरवठा १४.४ व्होल्टच्या आसपास असतो. सेतू जोडणी करूनही ८ ओहममध्ये आदर्श स्थितीत १३ वॅटच मिळतात, ४ ओहममध्ये सुमारे २६ आणि २ ओहममध्ये सुमारे ५२. दाब वाढवता येत नसेल तर संरोध घटवणे हाच स्वस्त मार्ग उरतो. घरगुती पेट्यांत मात्र कमी संरोध हा बहुधा क्रॉसओव्हरच्या रचनेतून किंवा दोन वूफर समांतर जोडल्यातून येतो.

कलाकोन आणि उष्णता

संरोधाचा आकडा एकटा पुरत नाही. ध्वनिक्षेपकात स्वप्रवर्तन आणि धारिता असल्यामुळे दाब आणि प्रवाह यांच्या लहरी एकमेकींच्या मागेपुढे सरकतात. शुद्ध रोधात प्रवाह शिखरावर असताना निर्गम दाबही शिखरावर असतो, म्हणून ट्रान्झिस्टरवर थोडाच दाब उरतो. कलाकोन मोठा असेल तर प्रवाह जोरात वाहत असताना निर्गम दाब शून्याजवळ असू शकतो. तेव्हा पुरवठ्याचा जवळजवळ सगळा दाब ट्रान्झिस्टरवर पडतो. ब-वर्गाच्या विवर्धकाचा हिशेब मांडल्यास, पूर्ण दाबावर आणि ४५ अंशांच्या कलाकोनावर ट्रान्झिस्टरमधील शिखर उष्णता तेवढ्याच शुद्ध रोधाच्या मानाने सुमारे २.८ पट होते; ९० अंशांना ती सुमारे ५.२ पट होते. म्हणजे ४५ अंश कलाकोन असलेला ४ ओहमचा भार ट्रान्झिस्टरला १.४ ओहमच्या रोधासारखा जाणवतो.

या कल्पनेवर आधारलेले ‘समतुल्य शिखर उष्णता रोध’ हे माप एरिक बेंजामिन यांच्या १९९४ मधील शोधनिबंधाच्या आधारे कीथ हॉवर्ड यांनी २००७ मध्ये मांडले. अनेक ध्वनिक्षेपकांचे हे मूल्य त्यांच्या किमान संरोधाच्या निम्म्याच्या आसपास येते. त्याआधी १९८७ मध्ये फिनलंडचे मॅटी ओटाला आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले होते, की प्रतिकूल संकेत दिल्यास काही बाजारी ध्वनिक्षेपक ८ ओहमच्या रोधाच्या ६.६ पटींपर्यंत शिखर प्रवाह ओढू शकतात. असा संकेत संगीतात नित्य येत नाही हेही खरे. पण ढोलकीचा किंवा पखवाजाचा ठोका हा स्थिर स्वरापेक्षा त्याला अधिक जवळचा आहे.

अशा प्रसंगी विवर्धकाचे संरक्षक मंडल प्रवाहाला अकस्मात बांध घालते. परिणामी आवाजात कडकड किंवा बारीक टकटक येते आणि ऐकणारा दोष ट्वीटरला देतो.

उष्णतेबाबत आणखी एक गोष्ट अंतर्ज्ञानाविरुद्ध जाते. ब-वर्गाचा विवर्धक पूर्ण शक्तीवर सर्वाधिक तापत नाही. रोधी भारावर तो कमाल शक्तीच्या सुमारे ४० टक्क्यांवर सर्वाधिक तापतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये विवर्धकांच्या शक्तीचे आकडे कसे द्यावेत याचा नियम केला, तेव्हा मोजणीपूर्वी यंत्र एक तृतीयांश शक्तीवर एक तास चालवण्याची अट घातली. ही जवळजवळ सर्वांत उष्ण स्थिती होती. भोवतालचे तापमानही हिशेबात धरावे लागते. हीट सिंक ८५ अंशांवर पुरवठा तुटणार असेल, तर २५ अंशांच्या खोलीत ६० अंशांची मोकळीक असते, विदर्भातील ४५ अंशांच्या दुपारी फक्त ४० अंशांची. म्हणजे यंत्र एक तृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकू शकते.

प्रसिद्ध कठीण ध्वनिक्षेपक

इंग्लंडमधील पीटर वॉकर यांनी तयार केलेला आणि १९५७ मध्ये विक्रीस आलेला क्वाडचा स्थिरविद्युत ध्वनिक्षेपक हे या विषयातील जुने उदाहरण. त्याची पातळ भारित पटले म्हणजे मूलतः एक मोठे धारित्रच. त्यामुळे संरोध मंद्र भागात ३० ओहमच्या वर आणि अतितार भागात २ ओहमच्या आसपास असतो. संगीतातील ऊर्जा अतितार भागात अल्प असल्यामुळे क्वाडचाच १५ वॅटचा नलिका विवर्धक त्याला पुरत असे. सुरुवातीच्या अनेक ट्रान्झिस्टर विवर्धकांना मात्र हा धारक भार सोसला नाही: फीडबॅक मंडल अस्थिर होऊन ते स्वतःच आंदोलन करू लागत. खळगा किती खोल आहे याइतकेच तो कोणत्या वारंवारतेवर आहे हेही महत्त्वाचे ठरते, ते असे.

दुसरे टोक म्हणजे अमेरिकेतील अपोजी कंपनीचा १९८० च्या दशकातील सिंटिला. ॲल्युमिनियमच्या पातळ फितींचा हा ध्वनिक्षेपक १ ओहमचा होता. त्याचा भार जवळजवळ शुद्ध रोधी असल्याने कलाकोनाचा त्रास नव्हता; पण १ ओहम सर्वच वारंवारतांना होता आणि संवेदनशीलताही कमी होती. क्रेल या कंपनीच्या विवर्धकांची ख्याती वाढण्यात या ध्वनिक्षेपकाचा मोठा वाटा आहे. अशा यंत्रांच्या ‘अ-वर्ग’ या बिरुदाकडे मात्र जपून पाहावे. ८ ओहममध्ये ५० वॅटपर्यंत अ-वर्गात चालणाऱ्या विवर्धकाचा शिखर प्रवाह सुमारे ३.५ अँपिअर असतो. तेवढाच प्रवाह १ ओहममध्ये अवघे सव्वासहा वॅट देतो. त्यापुढे यंत्र ब-वर्गात शिरते.

नलिका विवर्धक

निर्वात नलिका उच्च दाब आणि अल्प प्रवाहावर चालते, म्हणून मध्ये निर्गम रोहित्र लागते. त्यावर ४, ८ आणि १६ ओहमच्या वेगळ्या जोडण्या असतात. इथे ‘जुळणी’ हा शब्द बऱ्याच अंशी सार्थ आहे. ४ ओहमच्या पेटीला ८ ओहमची जोडणी दिल्यास नलिकांना अर्धाच भार-रोध दिसतो. शक्ती घटते आणि विकृती वाढते. अशा विवर्धकाचा निर्गम संरोधही १ ते ३ ओहम असू शकतो. तो २ ओहम धरला आणि पेटीचा संरोध २ ते २० ओहमांत हिंडत असेल, तर आवाजाच्या पातळीत सुमारे ५ डेसिबलचा चढउतार होतो. हा बदल सहज ऐकू येतो. अनेकांना तो आवडतोही, पण तो पेटी बनवणाऱ्याने योजलेला नसतो. मॅकिंटॉश ही अमेरिकन कंपनी काही ट्रान्झिस्टर विवर्धकांतही २, ४ आणि ८ ओहमच्या जोडण्यांचे स्वयंरोहित्र वापरते. त्यामुळे भार कमी असला तरी ट्रान्झिस्टरला तो बेताचाच दिसतो.

समांतर जोडणी

महाराष्ट्रात मंडपात किंवा मिरवणुकीत हा प्रश्न बहुधा पेटी कठीण असल्याने नव्हे, तर पेट्या वाढवत नेल्याने उद्भवतो. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्यास भार ४ ओहम, चार जोडल्यास २ ओहम होतो. विवर्धकाचे दोन्ही भाग सेतू पद्धतीने एकत्र केले तर प्रत्येक भागाला जोडलेल्या भाराचा निम्माच दिसतो. ४ ओहमची पेटी अशा वेळी २ ओहमची होते. सेतू जोडणी आणि समांतर पेट्या एकाच वेळी करणे हे निर्गम ट्रान्झिस्टर जळण्याचे नेहमीचे कारण आहे. कर्णे दूरवर पसरायचे असतील तर १०० व्होल्ट वाहिनी अधिक बरी. तिच्यात प्रत्येक कर्ण्याला छोटे रोहित्र असते. १० वॅटची जोडणी म्हणजे १००० ओहमचा भार, आणि असे दहा कर्णे मिळून १०० ओहम होतात. तिथे ओहम मोजण्याऐवजी वॅटची बेरीज केली की पुरते.

तारा आणि तोडगे

भार जितका कमी तितका तारेचा रोध अधिक बोचतो. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने ५ मीटरवरील पेटी जोडली, तर जाण्यायेण्याचा मिळून रोध सुमारे ०.३४ ओहम होतो. ८ ओहमच्या पेटीला त्याने ०.४ डेसिबलही घट होत नाही. २ ओहमला ती १.४ डेसिबल होते. २.५ चौरस मिलिमीटरची साधी वायरिंगची तार हा रोध पाचव्या हिश्श्यावर आणते. त्यासाठी महागड्या खास तारेची गरज नाही.

काही घरगुती विवर्धकांच्या मागे ४ आणि ८ ओहमचा स्विच असतो. ‘४’ केल्यावर यंत्र कमी संरोधासाठी अधिक समर्थ होते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेकदा पुरवठ्याचा दाब घटवून उष्णता मर्यादेत ठेवली जाते आणि उपलब्ध शक्ती कमी होते. पेटीच्या वाटेत एकसर रोध घालणे हा दुसरा रूढ तोडगा. २ ओहमच्या पेटीला ४ ओहमचा रोध जोडल्यास दोन तृतीयांश शक्ती त्या रोधातच जाते, आणि वूफरच्या कंपनावरील विवर्धकाचा लगामही सुटतो. त्यापेक्षा पेट्या दोन विवर्धकांत वाटून देणे किंवा आवाज थोडा कमी ठेवणे बरे: दाब अर्धा केला की प्रवाहही अर्धा होतो आणि आवाज केवळ ६ डेसिबलने उतरतो.