कानालाही हवं कोलेस्टेरॉल

कोलेस्टेरॉल म्हटलं की आपला हात छातीकडे जातो. कानाकडे कुणाचाच जात नाही. खरं तर आतल्या कानाला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी एकच, आणि तीही केसासारखी बारीक. जास्त झालेल्या कोलेस्टेरॉलने तिच्यात अडथळा आला तर रक्ताला दुसरी वाट नाही. उपाशी राहून मेलेली, आवाज टिपणारी केशपेशी माणसात पुन्हा उगवतही नाही.

पण कोलेस्टेरॉल म्हणजे निव्वळ शत्रू, असं समजू नका. प्रत्येक कानात सुमारे १२,००० बाह्य केशपेशी असतात. आवाज आला की त्या सेकंदाला हजारो वेळा आखूड-लांब होतात आणि हलका आवाज वाढवून देतात. नाचतातच म्हणा ना! त्यांना नाचवणारं प्रेस्टिन नावाचं प्रथिन २००० साली अमेरिकेत पीटर डॅलस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल किती आहे, यावर या प्रेस्टिनची चाल बदलते. नीमन-पिक सी या दुर्मीळ आजारात पेशींत साचलेलं कोलेस्टेरॉल काढायला सायक्लोडेक्स्ट्रिन देऊन पाहिलं, तर त्याने याच केशपेशी मेल्या आणि ऐकणं गेलं. म्हणजे जास्त झालं तर रक्तवाहिनी तुंबते, आणि उपसून काढलं तर पेशीच मरते!

तेलबियांच्या आपल्या वर्ध्याशी याचा एक धागा जुळतो. १९३४ साली इथे ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत तेलघाणीवर प्रयोग झाले आणि त्यातून निघालेली सुधारित ‘वर्धा घाणी’ देशभर ओळखली गेली. जवस, तीळ, शेंगदाणा यांच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. असतात ते त्याचे वनस्पतींमधले भाऊबंद, फायटोस्टेरॉल. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २०२३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. औषध देऊन ज्यांच्या कानातलं कोलेस्टेरॉल घटवलं होतं, अशा उंदरांना त्यांनी फायटोस्टेरॉल खाऊ घातलं, आणि त्यांचं ऐकणं काही अंशी सुधारलं.

उंदरांचं सुधारलं, हे लक्षात ठेवा. जवसाच्या चटणीने बहिरेपण जातं, असा अर्थ काढून बरणी उपडी करू नका. माणसांवरच्या पाहण्यांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत कोलेस्टेरॉल आणि ऐकणं यांचा संबंध दिसतो, काहींत नाही. तरीही घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. तिथे कान तपासून घ्या, आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका.