मुखत्यारपत्र देण्यापूर्वी



उसाच्या नोंदीला गेलो की वयस्कर सभासद आम्हाला हटकून विचारतात, "साहेब, बँकेचे हेलपाटे होत नाहीत. ठेवी-शेअर्सचा कारभार थोरल्याकडे देऊ का?" जरूर द्यावा, पण कागद नीट करावा.

मुखत्यारपत्राने पैसा मुखत्याराचा होत नाही, मालक तुम्हीच. मात्र दिलेल्या अधिकारात त्याने केलेली सही तुमचीच धरतात. म्हणून सरसकट कुलमुखत्यारपत्र न देता, खाते क्रमांक घालून खास मुखत्यारपत्र द्यावे. व्याज उचलणे, ठेव पुढे चालू ठेवणे, एवढेच काम असेल तर तेवढेच लिहावे. ठेव मोडणे, तारण ठेवणे, शेअर्स विकणे नको असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

पुढे बिनसले तर नुसता कागद फाडून भागत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, रद्द केल्याचे बँकेला कळेपर्यंत तिच्यापुरता तो अधिकार चालूच राहतो. तेव्हा लेखी कळवून पोच घ्यावी.

देणारा वारला किंवा त्याचे भान हरपले, की मुखत्यारपत्र संपले. मागे घरच्यांची ओढाताण नको, म्हणून नॉमिनीची नोंद वेगळी करावी. हे सारे हातपाय चालताहेत तोवरच उरकावे.

— ऊस विकास अधिकारी