बिलाबाहेरचा खर्च

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका परिचरांनी गेली दोन वर्षे एक वही ठेवली आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले, त्या दिवसापासूनचा पैन्‌पैचा हिशेब तीत आहे. मी अर्थशास्त्र शिकवितो म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि ‘सर, बेरीज बरोबर आहे का, एवढे बघा,’ म्हणाले. बेरीज बरोबर होती. नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. रुग्णालयाच्या बिलाचा रकाना बहुतेक पानांवर कोरा होता. शेजारचे रकाने मात्र खोलीभाडे, टॅक्सी, गॅसची शेगडी, प्लेटलेट देण्यासाठी गावाहून आलेल्या चुलत्यांचे जाणे-येणे अशा नोंदींनी भरून गेले होते.

हा कोरा रकाना ही लहान गोष्ट नव्हे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. 2012 साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण केलेल्या तिच्या आजच्या रूपात कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. औषधांच्या किमतीची लढाईही काही प्रमाणात जिंकली गेली. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर गुणकारी ठरलेले इमॅटिनिब हे औषध मूळ कंपनीचे घेतल्यास महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजार रुपये पडत. देशी कंपन्यांचे 8 ते 10 हजारांत मिळे. त्याच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. पेटंट कायद्याचा तास घेताना मी हे उदाहरण दरवर्षी सांगतो. ती वही पाहिल्यापासून मात्र मला तो तास तेथेच संपविता येत नाही.

कारण या आजाराच्या उपचारांची घडणच अशी आहे की, बिलाबाहेरचा खर्च हा त्यांचा किरकोळ भाग राहत नाही. लहान मुलांत प्रामुख्याने आढळणाऱ्या तीव्र ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले सहा-आठ महिने कडक औषधांचे. पुढचा काळ बहुतांशी गोळ्यांचा. त्या पहिल्या महिन्यांतही मूल सतत खाटेवर नसते. इंजेक्शन घेऊन ते बाहेर पडते आणि काही दिवसांनी तपासणीसाठी पुन्हा येते. परंतु मधल्या काळात पांढऱ्या पेशी इतक्या खालावलेल्या असतात की, साधा तापही जिवावर बेतू शकतो. विनाविलंब, शक्य तर तासाभरातच, प्रतिजैविके सुरू करावी लागतात. म्हणजे मुलाला खाट नको असते. पण रुग्णालयाच्या जवळ स्वच्छ खोली, ताजे शिजविलेले अन्न आणि उकळलेले पाणी हवेच असते. वैद्यकीयदृष्ट्या ही खोली उपचारांचाच एक भाग होय. योजनेची दृष्टी मात्र दाखल असलेल्या रुग्णाचे जेवण आणि त्याचे परतीचे भाडे यांच्यापलीकडे जात नाही.

आमच्या या सहकाऱ्यांना दुसऱ्याच महिन्यात मुंबईतील भाड्याची खोली सोडावी लागली. धर्मशाळेत जागा नव्हती आणि पुढचे इंजेक्शन आठ दिवसांवर होते. तेव्हा ते मुलाला घेऊन खानदेशात घरी आले. तिसऱ्या रात्री त्याला ताप भरला. शेजाऱ्यांची जीप मिळाली, पहाटे जळगाव गाठले, म्हणून मूल वाचले. वहीत त्या तारखेसमोर ‘डिझेल’ एवढीच नोंद आहे. नंतर अकरा दिवस ते मूल अतिदक्षता विभागात होते आणि तो सारा खर्च योजनेने निमूटपणे सोसला. आठ दिवसांच्या खोलीचे पैसे शासनाने दिले असते तर शासनाचीच बचत झाली असती, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागू नये.

ही उणीव आजवर भरून काढली आहे ती दानशूरांनी. दादरला गाडगेमहाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी किती कुटुंबांना छप्पर दिले असेल! 2006 साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड ही संस्था कर्करोग झालेल्या मुलांना आईवडिलांसह विनामूल्य ठेवून घेते आणि प्रत्येक आईला आपल्या मुलासाठी आपल्या हाताने रांधता येईल अशी व्यवस्था करते. तरीही परळला टाटा स्मारक रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर पथाऱ्या पसरलेली कुटुंबे दिसतातच. दोष रुग्णालयाचा नव्हे. साऱ्या देशातून माणसे तेथे येतात. पण दानावर चालणारी व्यवस्था दात्याच्या सवडीने वाढते, गरजेच्या वेगाने वाढत नाही.

प्लेटलेटची गोष्ट आणखी निराळी. हा रक्तघटक पाच दिवसांहून अधिक टिकत नाही. आमच्यासारख्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे एखाद्या पुण्यतिथीला रक्तदानाचे मोठे शिबिर होते, छायाचित्र छापून येते आणि मग वर्षभर शांतता. एका दिवशी शंभर पिशव्या गोळा करून पुढच्या महिन्यातील मुलाची प्लेटलेटची गरज भागत नाही. यंत्राच्या साहाय्याने केवळ प्लेटलेट देणाऱ्या दात्याचे दीड-दोन तास जातात. उरलेले रक्त त्याला परत मिळते आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा देऊ शकतो. तेव्हा रुग्णालयांच्या जवळपासच्या महाविद्यालयांनी शिबिरांऐवजी अशा दात्यांची वर्षभराची पाळी लावली, तर खानदेशातील चुलत्यांना मजुरी बुडवून मुंबई गाठावी लागणार नाही. विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन की, यास शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही.

खोली आणि बुडालेला रोजगार यांना मात्र आहे. आमच्या सहकाऱ्यांची अर्जित रजा संपली, अर्धवेतनी संपली, पुढची बिनपगारी. त्यांची निदान नोकरी टिकली; शेतमजुराला तेवढेही नाही. शासनाच्या तिजोरीला हे तत्त्वच अपरिचित आहे, असेही म्हणता येत नाही. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण आणि त्याच्या सोबत्याला 75 टक्के सवलत देते. क्षयरोग्याला सकस आहारासाठी 2018 पासून दरमहा 500 रुपये थेट खात्यात मिळू लागले आणि 2024 च्या नोव्हेंबरात ते 1 हजार झाले. गोळी लागू पडण्यासाठी पोटात अन्न हवे, हे क्षयाच्या बाबतीत मान्य झाले असेल, तर इंजेक्शन लागू पडण्यासाठी डोक्यावर छप्पर हवे, हे ल्युकेमियाच्या बाबतीत अमान्य का असावे? ज्या योजनेतून इंजेक्शनाचे पैसे जातात, त्याच योजनेतून कडक उपचारांच्या महिन्यांपुरते निवासभाडे आणि सोबत राहणाऱ्या एका पालकास निर्वाहभत्ता द्यावा. पैसे धर्मशाळेकडे थेट जावोत. गैरवापराची भीती हे अडवून धरण्याचे कारण होऊ शकत नाही.

मुलगा आता गोळ्यांवर आहे आणि शाळेत जातो. दर महिन्याला तपासणीसाठी मुंबईची फेरी होते. त्याची थोरली बहीण त्या धामधुमीच्या वर्षी दहावीत होती. आई मुंबईत, वडील धावपळीत, म्हणून तिला मामाकडे ठेवले, आणि तिची परीक्षा राहून गेली. वहीत त्याला रकाना नाही. यंदा ती 17 नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसणार आहे. गणिताची पुस्तके आमच्याच ग्रंथालयातून गेली आहेत.