भिजलेली चप्पल चुलीपाशी नको



गेल्या दिवाळीच्या प्रदर्शनात आमच्या गटाने कोल्हापुरी चपलांचा स्टॉल लावला होता. जुलैत एक ताई त्यातलीच चप्पल पिशवीत घालून परत आल्या. तळ पापडासारखा वाकलेला, अंगठ्याजवळ भेग. "तुमचा माल खोटा," म्हणाल्या. विचारल्यावर कळलं, भिजली म्हणून रात्रभर चुलीशेजारी ठेवली होती. चूक त्यांची कशी म्हणावी? विकताना आम्हीच काही सांगितलं नव्हतं. दुसरी जोडी निम्म्या किमतीत दिली, तोटा गटाने सोसला.

कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. कातड्यात बारीक तंतू असतात, त्यांच्यात थोडं तेल असतं, म्हणून ते वाकतं. भिजलं की तंतू फुगतात. मग धग किंवा कडक ऊन लागलं की पाणी झटकन उडतं, तंतू एकमेकांना चिकटतात आणि कातडं आकसून लाकडासारखं होतं. एकदा तडा गेला की कितीही तेल लावा, तो भरून येत नाही.

तेव्हा चप्पल भिजली तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि सावलीत, वाऱ्याला, आडवी उभी करा, म्हणजे तळालाही हवा लागेल. दोन दिवस लागले तरी लागू द्या. पूर्ण वाळल्यावर एरंडेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन हलक्या हाताने चोळा. रंग जरा गडद होतो, म्हणून आधी तळाच्या कडेला लावून बघा. जास्त तेल नको, धूळ चिकटते.

गाडीच्या चामडी सीटलाही ऊन असंच बाधतं. पण तिथे एरंडेल लावू नका हं! बहुतेक सीटवर रंगाचा थर असतो, तेल आत जात नाही, वरच राहतं आणि साडीला डाग पडतो. ओलसर फडक्याने पुसून कोरडी करा, गाडी सावलीत लावा.

पावसाळ्यात चप्पल वापरणार नसाल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, हमखास बुरशी येते. कागदात गुंडाळून ठेवा, अधूनमधून वारा द्या. बुरशी दिसलीच तर घराबाहेर नेऊन ब्रशने झाडा. शिवण उसवली तर लगेच कारागिराकडे न्या, तेव्हा दोन टाक्यांत काम होतं.

आता आम्ही प्रत्येक जोडीत या सूचनांची चिठ्ठी घालतो. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना पैसे घेतानाच तोंडी सांगतो.