निसटलेल्या ऊर्जेचा हिशोब

सीएमएस या कणशोधकाच्या महाचुंबकाबाहेर प्लास्टिकच्या टाइलचा एक पातळ थर बसवलेला आहे. त्याला बाह्य हॅड्रॉन ऊर्जामापक किंवा थोडक्यात एचओ म्हणतात. सीएमएस फ्रान्समधल्या सेसी गावाखाली, जमिनीपासून सुमारे १०० मीटर खोल गुहेत उभा आहे. त्याची लांबी सुमारे २१ मीटर, व्यास १५ मीटर आणि वजन १४,००० टन. सर्न संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात, प्रोटॉनचे दोन झोत विरुद्ध दिशांनी फिरतात आणि या गुहेत एकमेकांना छेदतात. एचओची रचना आणि बांधणी भारतीय गटांनी केली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि चंडीगडचे पंजाब विद्यापीठ यांचा त्यात मुख्य वाटा आहे.

या थराची गरज का पडली, हे समजण्यासाठी टकरीचा जमाखर्च पाहावा लागतो. टकरीपूर्वी प्रोटॉन झोताच्या रेषेतच धावत असतात. त्या रेषेला आडव्या दिशेने त्यांना जवळजवळ संवेग नसतो. म्हणून टकरीनंतर बाहेर पडणाऱ्या सगळ्या कणांच्या आडव्या संवेगांची बेरीजही शून्य यायला हवी. मोजलेली बेरीज शून्य आली नाही, तर काहीतरी न दिसता निघून गेले असे समजायचे. न्यूट्रिनो असाच निघून जातो. कृष्णद्रव्याचा कण टकरीत तयार झाला, तर तोही याच तुटीतून ओळखावा लागेल. परंतु ही तूट खरी आहे की मापकातून गळती झाली म्हणून दिसते आहे, हे ठरवता आले पाहिजे. एचओ ही गळती पकडतो.

सीएमएसचे थर आतून बाहेर जात एकेका कामासाठी रचले आहेत. टकरीच्या जागेभोवती सिलिकॉनचा मार्गशोधक आहे. विद्युतभारित कण त्यातून जाताना ठिपके सोडतात आणि त्या ठिपक्यांवरून कणाची वक्र वाट जुळवली जाते. त्याबाहेर लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक आहेत. हा पदार्थ काचेसारखा पारदर्शक, पण लोखंडापेक्षाही घन असतो. इलेक्ट्रॉन आणि फोटॉन त्यात आपली सगळी ऊर्जा टाकून थांबतात. त्यानंतर येतो पितळेच्या पत्र्यांचा आणि सिंटिलेटर, म्हणजे कण गेल्यावर प्रकाश सोडणाऱ्या, प्लास्टिकचा आलटून पालटून रचलेला हॅड्रॉन ऊर्जामापक. प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन असे हॅड्रॉन पितळेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात, त्यातून नवे कण निघतात, ते पुढच्या केंद्रांवर आदळतात आणि बघता बघता कणांचा वर्षाव सुरू होतो. पितळ हा वर्षाव घडवते आणि मधले प्लास्टिक तो मोजते.

या सगळ्याला वेढून सहा मीटर व्यासाचे अतिवाहक वेटोळे आहे. ते ३.८ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. ऊर्जामापक या वेटोळ्याच्या आतच बसवायचे असल्यामुळे जागेची अडचण आली. झोताच्या अक्षापासून १.७७ मीटरवर स्फटिकांचा थर संपतो आणि २.९५ मीटरवर चुंबक सुरू होतो. पितळेच्या वाट्याला मधले १.१८ मीटरच येतात. जड पदार्थातून जाताना हॅड्रॉनची धडक होईपर्यंत सरासरी जितके अंतर कापले जाते, त्याला आंतरक्रिया-लांबी म्हणतात. झोताला काटकोनात निघालेल्या कणापुढे पितळी मापकाची जाडी अशा ५.८ लांब्यांइतकी भरते, स्फटिकांमुळे त्यात सुमारे एका लांबीची भर पडते. बहुतेक हॅड्रॉनना एवढी जाडी पुरते. मात्र धडक केव्हा होणार हे संभाव्यतेवर अवलंबून असते. एखादा पायॉन बराच आत जाऊन मग आदळतो आणि त्याचा वर्षाव मापक संपल्यावरही चालू राहतो.

त्यावर काढलेला उपाय असा, की चुंबकाचे वेटोळेच शोषक म्हणून वापरायचे आणि त्याच्या बाहेर पुन्हा सिंटिलेटर ठेवायचा. पाच कड्यांपैकी मधल्या कड्यात, जिथे आतली जाडी सर्वांत कमी पडते, तिथे वेटोळ्यानंतर १९.५ सेंटिमीटर जाडीचे जास्तीचे लोखंड बसवले आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक थर दिला आहे. उरलेल्या चार कड्यांमध्ये एकच थर आहे. वेटोळे आणि हे लोखंड धरून एकूण जाडी किमान ११.८ लांब्यांपर्यंत जाते. त्याबाहेर म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) टिपणाऱ्या कक्षा आहेत; त्यांना धक्का न लावता हे जमवायचे होते. थरासाठी सगळी मिळून ४० मिलिमीटर जागा होती आणि प्रत्यक्ष शोधकाला त्यातली १६ मिलिमीटरच मिळाली.

त्या १६ मिलिमीटरमध्ये १० मिलिमीटर जाडीची सिंटिलेटरची टाइल बसते. भारित कण तिच्यातून गेला की प्लास्टिकचे रेणू उद्दीपित होतात आणि काही नॅनोसेकंदांत निळा प्रकाश सोडतात. हा प्रकाश सगळ्या दिशांना पसरतो, म्हणून तो गोळा करण्यासाठी टाइलमध्ये बारीक खाचा कोरतात. खाचेचे तोंड अरुंद आणि पोट गोल असते, त्यामुळे आत सरकवलेला तंतू जागचा हलत नाही. प्रत्येक टाइलमध्ये अशा चार खाचा असतात. त्यांत ०.९४ मिलिमीटर व्यासाचा तरंगलांबी बदलणारा तंतू बसवतात. तो निळा प्रकाश शोषून हिरवा सोडतो आणि हिरव्या प्रकाशाचा काही भाग तंतूच्या आतच परावर्तित होत टोकाकडे जातो. तंतूच्या एका टोकाला ॲल्युमिनियमचा लेप देऊन आरसा केलेला असतो. दुसरे टोक साध्या पारदर्शक तंतूला वितळवून जोडतात. हा जोड तिरका लागला, तर तिथेच प्रकाश वाया जातो. टाइलमधून एक म्यूऑन गेल्यावर शेवटी हाती येणाऱ्या प्रकाश-इलेक्ट्रॉनांची संख्या जेमतेम दहाच्या घरात असते. तेव्हा प्रत्येक जोड, प्रत्येक घासून गुळगुळीत केलेले टोक आणि टाइलभोवतीचा प्रत्येक परावर्तक कागद यांचा परिणाम थेट मोजमापावर होतो.

अशा एकूण २,७३० टाइल आहेत आणि त्यांची मापे ९५ प्रकारची आहेत. टाइलची मापे अशी ठरवली आहेत, की टकरीच्या बिंदूपासून पाहिल्यावर प्रत्येक टाइल आतल्या मापकाच्या एका कप्प्याच्या नेमकी मागे यावी. मगच आतल्या कप्प्यातली ऊर्जा आणि बाहेर निसटलेली ऊर्जा यांची बेरीज करता येते. एका रांगेतल्या टाइल एकत्र बांधून ट्रे तयार करतात. पांढरा परावर्तक कागद प्रकाश आत ठेवतो आणि काळे आवरण बाहेरचा प्रकाश अडवते. एका सूक्ष्म फटीतून शिरलेला उजेडसुद्धा खऱ्या संकेताला झाकून टाकू शकतो, म्हणून ट्रेची प्रकाशबंदी काटेकोर तपासावी लागते.

टाइल पारखायला निसर्गाने सोय करून ठेवली आहे. वैश्विक किरण वातावरणात आदळून तयार झालेले म्यूऑन समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे एक या प्रमाणात पडत असतात. टाइलच्या वर आणि खाली एकेक लहान सिंटिलेटर ठेवतात. दोन्हींतून एकाच वेळी संकेत आला, तर म्यूऑन मधल्या टाइलमधून गेलाच असला पाहिजे. त्या क्षणी टाइलने किती प्रकाश दिला हे नोंदवत गेले, की तिची प्रत कळते. पुढे सर्नमधल्या एच-२ चाचणी-झोतात पायॉन सोडून पूर्ण रचनेची परीक्षा झाली. ३०० गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पायॉनांची ऊर्जा फक्त आतल्या मापकाने मोजली, तर काही नोंदी प्रत्यक्षापेक्षा बऱ्याच कमी येत होत्या. एचओचा आकडा मिळवल्यावर ही कमतरता घटली.

प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारे भाग सुरुवातीला हायब्रिड फोटोडायोड या जातीचे होते. त्यांना हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि चुंबकाबाहेरच्या लोखंडातल्या क्षेत्रामुळे त्यांत विद्युत विसर्जन होऊन खोटे संकेत उठत. काही कड्यांमध्ये दाब कमी ठेवावा लागला. त्याने संकेतही क्षीण झाला. २०१३-१४ च्या दीर्घ विरामात त्यांच्या जागी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर बसवण्यात आले. हजारो सूक्ष्म कोशिकांच्या या चकतीला शंभरापेक्षा कमी व्होल्ट पुरतात आणि चुंबकीय क्षेत्राचा तिच्यावर परिणाम होत नाही. तापमान बदलले की तिचा प्रतिसाद मात्र बदलतो, म्हणून ते स्थिर राखणे हा देखभालीचा भाग झाला. टाइल आणि तंतू होते तेच राहिले.

प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा, एकमेकांना छेदतात. सगळे साठवणे अशक्य असल्यामुळे पहिल्या टप्प्यातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सुमारे ४ मायक्रोसेकंदांत निवड करते आणि सेकंदाला एक लाखाच्या आसपास घटना पुढे पाठवते. तोवर सगळ्या थरांचे आकडे स्मृतीत थांबून असतात. पुढची संगणकांची चाळणी त्यांतल्या काही हजारच टिकवते. टिकलेल्या नोंदी जगभरातल्या संगणककेंद्रांत वाटल्या जातात. टीआयएफआरमधले केंद्र त्यांपैकी एक आहे.

नोंद हाती आली म्हणजे ऊर्जा हाती आली असे नाही. प्रत्येक टाइलचा आकडा ऊर्जेत बदलणारा गुणांक वेगळा असतो. तो टकरींतून निघणाऱ्या म्यूऑनांवरून काढतात, कारण म्यूऑन टाइलमध्ये ठरावीक, जवळजवळ सारखीच ऊर्जा ठेवून पुढे जातो. आतल्या मार्गशोधकाने आणि बाहेरच्या म्यूऑनकक्षांनी त्याची वाट आधीच सांगितलेली असते. त्यामुळे तो कोणत्या टाइलमधून गेला हे नक्की कळते. हे गुणांक पुन्हा पुन्हा तपासले जातात. एखाद्या टाइलची संकेतवाहिनी बिघडली, तर ती हिशोबातून वगळतात. २०१२ मध्ये हिग्ज कणाची घोषणा झाली ती स्फटिकांतले फोटॉन आणि मार्गशोधक व म्यूऑनकक्षांनी टिपलेले चार लेप्टॉन यांच्या जोरावर. अदृश्य कणांच्या शोधात मात्र दावा तुटीवर उभा असतो, आणि हॅड्रॉनांची गळती मोजल्याशिवाय त्या तुटीवर विश्वास ठेवता येत नाही.

एचओ चुंबकाच्या आडोशाला असल्याने त्याच्या प्लास्टिकला प्रारणाचा मारा कमी सोसावा लागतो. सीएमएसच्या दोन्ही टोकांची स्थिती उलट आहे. कोलायडरची तीव्रता वाढवण्याच्या योजनेत तिथले ऊर्जामापक पूर्णपणे बदलायचे आहेत. नव्या मापकात सुमारे ६०० चौरस मीटर सिलिकॉन असेल. प्रारण तुलनेने कमी असलेल्या मागच्या भागात सिंटिलेटरच्या छोट्या टाइल असतील आणि प्रत्येक टाइलला स्वतःचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर थेट लावलेला असेल. या मापकाच्या कामातही भारतीय गट आहेत.