देवनागरीत न मावणारे इंग्रजी उच्चार

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे इंग्रजीचे पुस्तक उघडले की अनेकदा शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहिलेले देवनागरी उच्चार दिसतात. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की हजारो कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि अनेक मुलांची शाळा मध्येच तुटते. अशा घरांत इंग्रजी कानावर पडण्याची सोय नसते. पेन्सिलीची ती अक्षरे हाच काय तो आधार. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तरी उच्चार कानाऐवजी लिपीतूनच शिकला जातो आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत नेमका तोच आड येतो.

देवनागरी उच्चारानुसारी आहे हे खरे; पण ती मराठीचेही सारे ध्वनी टिपत नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोहोंतील ‘ज’ वेगळे असूनही लिहिण्यात फरक नाही. इंग्रजीच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. लिहिण्याचे ‘पेन’ आणि वेदनेचे ‘पेन’ मराठीत सारखेच. प्रत्यक्षात दुसऱ्यातील स्वर शेवटी ‘इ’कडे झुकतो. ‘व्हॅन’ लिहिताना आपण ‘ह’ जोडतो, पण इंग्रजीत तेथे ‘ह’चा श्वास नसतो, वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, इतकेच. ‘वाइन’मध्ये दात लागतच नाहीत, ओठांचा चंबू होतो. प्राणिसंग्रहालयाचा ‘झू’ही खरे तर ‘झ’चा नव्हे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या बीडमध्ये मात्र त्यासाठी फार दूर जायला नको. उर्दूभाषक शेजाऱ्याच्या ‘ज़मीन’ शब्दातील पहिला ध्वनी तोच आहे.

येथे इंटरनेटवरील मोफत साधने उपयोगी पडतात. केंब्रिज व ऑक्सफर्ड शब्दकोशांच्या संकेतस्थळांवर शब्दाशेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या चिन्हावर टिचकी मारली की ब्रिटिश व अमेरिकन उच्चार ऐकू येतात. २००८ साली सुरू झालेल्या ‘फोर्वो’वर निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी ध्वनिमुद्रित केलेले शब्द आहेत. ‘यूग्लिश’ तोच शब्द यूट्यूबवरील भाषणांतून शोधून वाक्यासह ऐकवते. अर्थात नुसते ऐकून भागत नाही. मोबाइलवर आपला आवाज मुद्रित करून मूळ उच्चारापाठोपाठ लावून पाहावा. फरक बहुधा लगेच कानाला टोचतो.

सर्वांत दुर्लक्षित बाब आघाताची. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. मराठीत सर्व अक्षरांना जवळपास सारखे वजन देण्याची सवय असल्याने हा बदल लक्षातच येत नाही. ‘व’ थोडा चुकला तरी संदर्भाने भागते. आघात चुकला तर ऐकणारा शब्दच ओळखत नाही. शब्दकोशातील उच्चारचिन्हांत वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. तिच्या लगेच पुढचा अवयव जोराने म्हणायचा. पुस्तकात पेन्सिलीने लिहायचेच तर हीच रेघ लिहावी.

बोलून टंकलेखन करण्याची मोबाइलमधील सोयही परीक्षकासारखी वापरता येते. मात्र तेथे सुटा शब्द बोलावा. पूर्ण वाक्य उच्चारल्यास यंत्र संदर्भावरून अंदाज बांधते आणि चूक झाकली जाते. भाषेची निवड ‘इंग्रजी (भारत)’ अशी असेल तर भारतीय वळणाचे उच्चार स्वीकारले जातात, आणि त्यात वावगे काही नाही. लंडनची ढब उचलणे हे उद्दिष्टच नव्हे. शब्द ओळखला गेला नाही, तर जीभ किंवा ओठ कोठे चुकले हे मात्र ही सोय सांगत नाही. तेवढ्यासाठी वर्गातील शिक्षकाकडेच जावे लागते.