रोगांची नावे आणि परदेशचे प्रवासी

संसर्गजन्य रोग माणसाबरोबर एका देशातून दुसऱ्या देशात जातात. त्यांची नावेही प्रवास करतात. परंतु पुष्कळदा भलत्याच वाटेने. अशी नावे केवळ निर्देश करीत नाहीत, ती आरोपही करतात.

आज ज्यास सिफिलिस म्हणतात तो रोग भावमिश्राने सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात ‘फिरंग’ या नावाने वर्णिला व त्याचा संबंध फिरंग्यांच्या संसर्गाशी जोडला. खुद्द युरोपात तोच रोग फ्रेंचांनी नेपल्सचा, इटालियनांनी फ्रेंचांचा आणि रशियनांनी पोलंडचा ठरविला होता. नावे निराळी, अर्थ एकच, शेजाऱ्याने आणलेला.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे उदाहरण याहून विचार करण्याजोगे आहे. महायुद्धात गुंतलेल्या राष्ट्रांत वृत्तपत्रांवर निर्बंध होते. स्पेन तटस्थ असल्यामुळे तेथील पत्रांनी साथीची बातमी मोकळेपणाने छापली, आणि साथ ‘स्पॅनिश’ ठरली! म्हणजे नाव रोगाच्या उगमास नव्हे, तर तो बोलून दाखविणाऱ्यास चिकटले. मुंबईसही हा अनुभव आला. १० जून १९१८ रोजी गोदीवरील सात पोलीस शिपाई ज्वराने रुग्णालयात दाखल झाले. पुढे रेल्वेमार्गाने साथ देशभर पसरली, तेव्हा तिला ‘मुंबईचा ताप’ असेही म्हणू लागले. वस्तुतः रोग या बंदरात उतरला होता, एवढेच.

असल्या नावांची किंमत व्यवहारात मोजावी लागते. बदनामीच्या भयाने वर्दी देण्यास विलंब झाला, की रोगवाहक प्रवासी तोवर पुढचे बंदर गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या रोगांच्या नावांत देशांचा वा स्थळांचा उल्लेख टाळण्याची शिफारस केली. ३१ मे २०२१ रोजी कोविड-विषाणूच्या प्रमुख प्रकारांना तिने ग्रीक अक्षरांची नावे दिली. परदेशी वृत्तपत्रांतील ‘भारतीय प्रकार’ त्यामुळे ‘डेल्टा’ झाला.

तथापि नाव बदलल्याने वृत्ती बदलतेच असे नाही. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने एका नव्या प्रकाराची माहिती संघटनेस कळविली. दोन दिवसांत त्यास ‘ओमिक्रॉन’ हे निर्दोष नाव मिळाले. तरीही अनेक राष्ट्रांनी त्या प्रदेशाशी असलेली विमानवाहतूक तातडीने थांबविली. पुढे उघड झाले ते असे, की नेदरलँड्समध्ये १९ व २३ नोव्हेंबर रोजी, म्हणजे ही वर्दी मिळण्यापूर्वीच, घेतलेल्या नमुन्यांत तोच प्रकार होता.